तळी जोडत सड्यावर: कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या लाल वाटा आणि ग्रॅव्हल सायकल

कोकणात सायकल म्हटली की बहुतेक जण सागरी मार्ग धरतात. किनाऱ्याकिनाऱ्याने, जेट्या आणि पूल ओलांडत दक्षिणेकडे. तो रस्ता सुंदर आहे यात वाद नाही, पण तो जवळजवळ सगळा डांबरी आहे आणि सुट्ट्यांच्या दिवसांत त्यावर गाड्यांची रांग असते. समुद्रापासून आठ-दहा किलोमीटर आत आलात की वेगळं कोकण लागतं. जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळाची पठारं, काजूची रानं, देवळाला लागून असलेली तळी, मळ्यांतून जाणाऱ्या पाणंदी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या लाल मातीच्या गाडीवाटा. जाड टायरची ग्रॅव्हल सायकल याच वाटांसाठी आहे. सिंधुदुर्गातला कुडाळ ते मालवण हा पट्टा मला सगळ्यांत जवळचा, म्हणून तोच धरून लिहितो. यातलं बरंचसं राजापूर, देवगड किंवा गुहागरकडेही लागू पडेल.

आधी जमीन वाचायला शिका

या भागात मार्ग आखायचा तर एक गोष्ट मनात पक्की हवी: पाणी कुठून येतं. सडा वरून कोरडा ठणठणीत दिसतो, पण जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पीत राहतो. खाली चिकट मातीचा थर लागला की पाणी तिथे अडतं आणि सड्याच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. जुन्या लोकांनी तिथेच बांध घातले, तळी केली, शेजारी देऊळ उभारलं आणि देवाच्या नावाने झाडं राखली, तीच राई. तळ्याखाली भाताचे मळे, मळ्यांच्या टोकाला खाडी.

म्हणजे वरून खाली क्रम असा लागतो: सडा, उतारावरचं रान आणि बागा, राई, देऊळ, तळं, मळे, खाडी. हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की अनोळखी गावातही दिशा चुकत नाही. मळ्यात असाल आणि तळं शोधायचं असेल, तर मळे ज्या बाजूला अरुंद होत जातात तिकडे वर चला. सड्यावर असाल आणि पाणी हवं असेल, तर जिथे झाडांचे शेंडे दाट आणि गर्द हिरवे दिसतात त्या कडेला उतरा. कोणत्याही ॲपपेक्षा मी आजही यावरच जास्त विसंबतो.

मार्ग आखतानाही हाच क्रम वापरा. एक फेरी म्हणजे एक किंवा दोन तळी आणि त्यांच्या मधला एक सडा. सडे फार उंच नाहीत. शे-दीडशे मीटर, पण चढ आखूड आणि खडे असतात. नवख्यांनी चढ कच्च्या वाटेने घ्यावा आणि उतार डांबरावरून. उलट करू नका. चढताना चाक सरकलं तर पाय टेकता येतो, उतारावर सरकलं तर कोपर-गुडघे जांभ्यावर घासतात आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. जांभ्याच्या गोल, वाटाण्याएवढ्या खड्यांचा थर टणक कातळावर पसरलेला असतो. त्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की सायकल तुमची राहत नाही.

कधी यायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. याला माझ्यापुरता पर्याय नाही.

ऑक्टोबरात तळी तुडुंब आणि रान हिरवं असतं, पण भातकापणी चालू असते. पाणंदी भाऱ्यांनी आणि माणसांनी भरलेल्या असतात आणि दुपारचं ऊन दमटपणामुळे अंगावर येतं. त्या काळात आलात तर सकाळी सहा ते दहा एवढंच चालवा आणि मळ्यातल्या वाटा सोडून द्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलं धुकं पडतं आणि काही मळ्यांत वायंगणी भाताची लावणी सुरू असते. पाणी खेळवलेल्या वाफ्यांच्या बांधावर सायकल घालू नये. बांध फुटला तर शेतकऱ्याचं एका दिवसाचं काम वाढतं. फेब्रुवारीच्या अखेरीस काजू पडायला लागतो, मार्चपासून आंब्याची राखण कडक होते. मग बागांमधून जाणाऱ्या वाटा आपोआप बंद समजायच्या. तिथे अनोळखी माणूस दिसला की राखणदाराची झोप उडते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पावसाळ्यात ग्रॅव्हल सायकल घेऊन सड्यावर जाऊ नका. कातळावर शेवाळ धरतं, त्यावर पायही ठरत नाही. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. जून-जुलैत सड्यावरच्या बोटभर मातीत कोंकण दीपकाडीसारखी मोजक्याच ठिकाणी उगवणारी रोपं फुलतात, नंतर सीतेच्या आसवांचे निळे पट्टे येतात. ती माती एका टायरने उखडली की पुढच्या सरीबरोबर वाहून जाते. बघायला चालत जा.

सायकल कशी हवी

खास ग्रॅव्हल सायकल नसली तरी अडत नाही. हायब्रिड सायकलला 40 ते 42 मिलिमीटरचे टायर बसत असतील तर काम होतं, साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, तर उत्तमच. 35 मिलिमीटरच्या खाली मात्र जाऊ नका. सड्यावर आपटून रिमला पोचे पडतात.

हवा कमी ठेवणं लोकांना पटायला वेळ लागतो. सत्तर किलोच्या माणसाने 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे 30 आणि मागे 34 पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी. ट्यूब असेल तर सहा-आठ पीएसआय जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब दोन जागी फुटते. डांबरावर ही सायकल जड वाटेल. वाटू द्या.

गिअरचा एकच नियम सांगतो: पुढच्या लहान चकतीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा जास्त नसावेत. इथले चढ दोन-तीनशे मीटरच्या आत संपतात, पण तेवढ्यातही जड गिअरवर गुडघा दुखावतो. डिस्क ब्रेक असतील तर निघण्याआधी पॅड बघा. लाल धूळ बारीक पॉलिश पेपरसारखं काम करते आणि अर्धे झिजलेले पॅड दोन-तीन दिवसांत संपू शकतात. सोबत पॅडची एक जोडी, एक ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग, साखळीची जोडकडी आणि हातपंप हवाच. कुडाळ आणि मालवणात सायकल दुरुस्तीची दुकानं आहेत, पण साध्या सायकलींची. तुमच्या मापाची ट्यूब तिथे मिळेल असं गृहीत धरू नका.

गिअर बदलणारी मागची यंत्रणा फ्रेमला जोडणारा तो नाजूक धातूचा आकडा, ज्याला सायकलवाले हँगर म्हणतात, तोही आपापल्या सायकलीचा एक जादा ठेवा. काजूच्या वाळक्या फांद्या चाकात अडकून सगळ्यांत आधी तोच वाकतो.

नकाशा घरी, खात्री गावात

आता मुख्य काम. पहिल्या टप्प्यात घरी बसून उपग्रहाचं चित्र उघडा. लाल-तपकिरी रेषा शोधा. झाडांखालून जाणाऱ्या वाटा चित्रात दिसत नाहीत, म्हणून सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाची शीटं बघा. त्यांच्या संकेतस्थळावर ती उतरवून घेता येतात. त्यांत गाडीवाटा आणि पायवाटा वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. दोन्हींत दिसणारी वाट बहुधा अजून वापरात असते. फक्त जुन्या शीटवर असेल तर ती रानाने गिळलेली असण्याची शक्यता जास्त. फक्त उपग्रहचित्रात असेल, रुंद आणि ठसठशीत असेल, तर सावध व्हा: ती चिरेखाणीची वाट असू शकते.

चिरेखाणीचं नीट समजून घ्या. इथली घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, त्यामुळे सड्यांवर खाणी लागतात. खाण पुढे सरकते तसा ट्रकचा रस्ताही सरकतो. मागच्या वर्षीचा रस्ता यंदा थेट खड्ड्याच्या काठावर संपू शकतो. मी एकदा मोबाईलवरच्या रेषेकडे बघत चाललो होतो. समोर रस्ता एकदम तुटला. खाली दोन माणूस उंचीची सरळ कापलेली भिंत आणि तळाला हिरवं पाणी. कठडा नाही, फलक नाही. दिवस होता म्हणून दिसलं. तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. सड्यावर अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही. अनोळखी रुंद रस्त्यावर वेग धरायचा नाही. आणि चालू खाणीच्या रस्त्यावर ट्रक आला तर सायकल थांबवून बाजूला उतरायचं, कारण धुळीत ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

दुसरा टप्पा गावात. तिठ्यावरच्या टपरीवर किंवा देवळाच्या पारावर थांबा, चहा घ्या आणि विचारा. पण प्रश्न नीट विचारा. "हा रस्ता पुढे जातो का?" असं विचारलंत तर उत्तर हमखास "जाता" असंच येईल, कारण चालणाऱ्या माणसासाठी तो जातोच. त्याऐवजी विचारा: "ह्या वाटेन बैलगाडी जाय काय पूर्वी?" गाडीवाट असेल तर चढ झेपणारा असतो आणि रुंदीही पुरेशी. "ना, ती पाखाडी" असं उत्तर आलं तर समजा की पायऱ्या आहेत आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागणार. एकदा एका आजींनी मला हाक मारून थांबवलं होतं, "बाबू, फुडे व्हाळ आसा, साकव मोडलो." म्हणजे पुढे ओढा आहे आणि त्यावरचा छोटा पूल मोडलाय. त्या एका वाक्याने माझी दोन तासांची पायपीट वाचली.

विचारण्याचं आणखी एक कारण आहे. कोकणात मोकळी दिसणारी जमीन मोकळी नसते. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतली वाट कोणाच्या तरी खळ्यातून, बागेतून जाते. बऱ्याच ठिकाणी आडव्या बांबूंचं बेडं लावलेलं असतं. बेडं बंद असेल तर उघडून आत जाण्याआधी हाक मारा, आणि गेल्यावर ते जसं होतं तसं लावा. उघडं राहिलं तर गुरं भातात शिरतात. या वाटा कोणी ट्रॅक म्हणून बनवलेल्या नाहीत. त्या लोकांच्या जाण्यायेण्याच्या आहेत आणि आपण त्यांच्या घरासमोरून जातो आहोत. म्हणूनच नेमका जीपीएस ट्रॅक मी कोणाला पाठवत नाही. गावांची नावं आणि दिशा सांगतो, बाकी तुम्ही विचारत जा.

पहिली फेरी: नेरूरपार ओलांडून धामापूर

मुक्काम कुडाळात ठेवा. स्टेशन तिथे आहे, राहण्या-जेवण्याची सोय आहे आणि तळी सगळ्या बाजूंनी हाताशी आहेत. कुडाळहून नेरूर, नेरूरपारचा पूल, काळसे, धामापूर, चौके असा मालवणचा रस्ता जातो. सगळा मिळून अठ्ठावीसेक किलोमीटर, आणि धामापूर साधारण मध्यावर. तो रस्ता हा तुमचा कणा. त्यापासून फार लांब न जाता डाव्या-उजव्या वाटा धरायच्या. काही चुकलं तर परत कण्यावर येता येतं, म्हणून पहिल्या दिवसासाठी मी हीच फेरी सांगतो.

सकाळी साडेसहाला निघा. नेरूरात कलेश्वराचं देऊळ पाहून पुढे व्हा. शिमग्यात आलात तर इथला मांड उत्सव चुकवू नका, त्या दिवसांत मात्र सायकल घरी ठेवा. नेरूरपारच्या पुलावर पाच मिनिटं थांबा. खाली कर्ली नदीचं पात्र रुंदावत खाडीकडे जातं आणि दोन्ही काठांवर माड. पूल ओलांडला की मालवण तालुका. काळशाच्या वाड्यांमधून मळ्यांच्या कडेने पाणंदी जातात. भात कापून झालं की त्या कोरड्या, टणक आणि चालवायला फार सुखाच्या असतात. इथे गिअर हलका ठेवून निवांत चला, कारण पुढे चढ आहे.

धामापूरचा तलाव पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो माणसाने बांधला आहे यावर विश्वास बसत नाही. तीन बाजूंना रानाने भरलेले डोंगर आणि चौथ्या बाजूला बांध. हा बांध 1530 साली, विजयनगरच्या काळात, मांडलिक नागेश देसाई यांनी घातला असं मानलं जातं. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. बांधाजवळ भगवतीचं देऊळ आहे. लग्नकार्याला दागिने नसलेल्यांनी फुलांची परडी पाण्यात सोडावी आणि देवीने परडीत दागिने द्यावेत, काम झाल्यावर ते परत करावेत, अशी कथा गावात सांगतात. कोणीतरी परत केले नाहीत आणि ते देणं थांबलं. मला ती कथा आवडते, कारण या तलावाकडून घेतलेल्या गोष्टीचा हिशेब ती मागते.

म्हणूनच इथे सायकल धुऊ नका. पाण्यात पाय सोडून साबण लावू नका. हे पिण्याचं आणि शेतीचं पाणी आहे. पोहायलाही उतरू नका, काठाला गाळ आहे आणि खोली एकदम वाढते. सायकल देवळाच्या आवाराबाहेर लावा, चपला-बूट काढून आत जा, पायऱ्यांवर बसा. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर काठच्या उंच झाडांवर धनेश दिसू शकतात. त्यांच्या पंखांचा आवाज आधी येतो, वाफेचं इंजिन लांबून यावं तसा.

धामापूरहून चौक्याच्या बाजूला चढ लागतो आणि वर सडा उघडतो. इथे गाडीवाटा भरपूर आहेत आणि खाणीही, म्हणून वर सांगितलेले नियम इथे पाळायचेच. सड्यावर तास-दीड तास फिरा, चौक्याच्या तिठ्यावर घावणे किंवा उसळ-पाव खा आणि डांबरावरून नेरूरपारला उतरून परत या. वळणं धरून चाळीस-पन्नास किलोमीटर होतील. आकड्याने हुरळून जाऊ नका. डांबरावरच्या ऐंशीचा थकवा यात येतो.

दुसरी फेरी: वालावल आणि पाट

ही माझी सगळ्यांत लाडकी. चढ कमी, सावली जास्त. लहान मुलं सोबत असतील किंवा पहिल्या दिवसाने पाय भरले असतील तर हीच करा.

कुडाळहून नेरूरपर्यंत कालचाच रस्ता, मग पूल न ओलांडता कर्लीच्या दक्षिण काठाने वालावल. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून तळं. देवळाच्या लाकडी खांबांवरचं काम बघायला अर्धा तास हाताशी ठेवा. तळ्याच्या काठावरून मागे रान चढत जातं आणि दुपारच्या शांततेत तिथे पाणकोंबड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. देवळामागच्या रानात सायकल घालू नका. राई कुठे संपते हे अनोळखी माणसाला कळत नाही. राईत पडलेलं लाकूडही गावकरी उचलत नाहीत, तिथे आपण टायरचे ठसे उमटवणं बरं दिसत नाही.

वालावलहून चेंदवण-कवठीच्या वाड्यांमधून पाटकडे जाताना डांबर आणि माती अशी अदलाबदल चालू राहते. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये लाल वाट, वर माडा-पोफळींचं छत. समोरून गुरं आली तर उतरा आणि गडग्याला टेकून उभे राहा. सायकलची घंटा वाजवू नका, म्हशी बुजतात. पाटचा तलाव रस्त्यालगतच आहे. धामापूरसारखा डोंगरात लपलेला नाही, उघडा आणि उथळ. म्हणून इथे पक्षी जास्त: कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बगळे, थंडीत बदकं. दुर्बीण आणा. बाकी काही लिहिण्यापेक्षा इथे तासभर बसा एवढंच सांगतो.

पाटहून पिंगुळीमार्गे कुडाळला परता. पिंगुळी हे ठाकर समाजाच्या चित्रकथीचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं गाव. ही कला टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घराण्याने उभं केलेलं कलादालन बघायला दुपार ठेवली तर दिवस भरून पावतो.

तिसरी फेरी, ज्यांचे पाय तयार आहेत त्यांच्यासाठी

पाटहून परत न वळता पश्चिमेला परुळ्याकडे चढा. परुळ्याचा सडा अफाट आहे. चिपीचं विमानतळ याच सड्यावर बांधलं, 2021 च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं. विमानतळाच्या कुंपणाजवळच्या वाटा टाळा, त्या फिरून तिथेच येतात. परुळ्यात आदिनारायणाचं देऊळ, तिथे पाणी भरून घ्या आणि मग निवती किंवा भोगव्याकडे उतरा. उतार तीव्र आहे, डांबरावरूनच घ्या. सड्यावर सावलीचं एक झाड मिळणं मुश्कील, त्यामुळे दहाच्या आत सडा ओलांडलेला हवा आणि अंगावर तीन लिटर पाणी. दुपार किनाऱ्यावर काढून चारनंतर परत फिरायचं, किंवा सरळ तिकडेच मुक्काम करायचा. मी दुसरं सुचवेन.

मालवणात मुक्काम असेल तर मसुरे, भरतगड आणि पुढे कुडोपी असा वेगळा दिवस करता येतो. कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या ज्या कातळशिल्पांचा समावेश झाला त्यांत कुडोपीही आहे. सड्याच्या कडेलाच सायकल आडवी करा आणि चालत जा. खोदलेल्या रेषा उथळ आहेत, तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, तेवढ्या दिसतात. दुपारी तुम्ही त्यावर उभे असाल आणि कळणारही नाही. एक लक्षात ठेवा: मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची जत्रा दरवर्षी तिथीवर नसते, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो. निघण्याआधी तारीख विचारा. जत्रेच्या दोन-तीन दिवसांत त्या बाजूच्या रस्त्यांवर सायकलला जागा नसते.

साप, गोचीड आणि गवे

फुरसं हा सड्याचा साप. वीतभर-हातभर लांब, जांभ्याच्याच रंगाचा, दगडांच्या फटीत आणि पाचोळ्यात बसणारा. धोका सायकलवर असताना कमी, उतरल्यावर जास्त. गडग्यावर न बघता हात टेकवणं, सायकल टेकवायला दगड उचलणं, चप्पल घालून झुडपात जाणं, यांतून दंश होतात. चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. दंश झालेला अवयव हलू न देता माणसाला सरळ सरकारी रुग्णालयात न्या, 108 ला फोन करा. कुडाळ आणि मालवण कुठूनही फार लांब नाहीत, फक्त वेळ घालवायचा नाही. सड्याच्या खाली तळ्याच्या खोलगट भागात फोनला रेंज नसते, म्हणून एकट्याने जाताना मुक्कामाच्या ठिकाणी फेरी आणि परतायची वेळ सांगून निघा.

गोचीड ही जास्त दुर्लक्षित गोष्ट. 2016 साली याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, माकडतापाचे रुग्ण आढळले. हा आजार गोचिडीतून पसरतो आणि थंडी सरताना ते उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. काजूच्या बागेत पाचोळ्यावर आडवं होऊन विश्रांती घ्यायचा मोह फार होतो, तो टाळा. मोजे लांब घाला, माकड मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका आणि जवळच्या आरोग्य केंद्रात कळवा. मुक्कामी पोहोचल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासा. परत गेल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना "मी सिंधुदुर्गात रानात फिरलो होतो" हे न विसरता सांगा. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरच्या डोक्यात हा आजार सहज येत नाही.

गवा दिसला तर थांबा, अंतर ठेवा, तो जाईपर्यंत वाट बघा. फोटोसाठी पुढे सरकू नका. तो शांत उभा आहे म्हणजे त्याला चालतंय असं नसतं.

खाणं-पाणी

एनर्जी जेलची पाकिटं घेऊन येऊ नका, इथे त्यापेक्षा चांगलं मिळतं. निघताना उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत लोणच्याची फोड. तीन तास पोटाला आधार राहतो आणि घामातून जाणारं मीठही भरून निघतं. खिशात मालवणी खाजं ठेवा, गूळ-आल्याचं ते कुरकुरीत खाणं चढाआधी तोंडात टाकायला उत्तम. परतल्यावर कोकम सरबत, आगळाचं असेल तर आणखी छान. एखाद्या घरात पाणी मागितलंत तर तांब्याबरोबर गुळाचा खडाही येईल. नाही म्हणू नका, आणि घाईने निघूही नका. पाच मिनिटं ओटीवर बसा. पुढच्या वाटेची खरी माहिती तिथेच मिळते.

गाडीने येणं-जाणं

कोकणकन्या, मांडवी आणि तुतारी या तिन्ही गाड्या कुडाळला थांबतात. सायकल ब्रेकव्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक होते. तिकीट दाखवून पार्सल कार्यालयात फॉर्म भरायचा, म्हणून गाडीच्या दीड तास आधी पोहोचा. कुडाळला गाडी जेमतेम थांबते. तुमचा ब्रेकव्हॅन इंजिनाकडे आहे की शेवटी, हे निघतानाच विचारून ठेवा आणि उतरल्याबरोबर तिकडे धावा. पॅडल काढून हँडल फिरवून बांधा, गिअरच्या आकड्यावर पुठ्ठा गुंडाळा आणि सायकलला नाव-फोन लिहिलेलं लेबल दोन ठिकाणी लावा.

परतीच्या आदल्या संध्याकाळी साखळी साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवा. लाल धूळ आणि खारी हवा एकत्र राहिली तर घरी पोहोचेपर्यंत साखळीवर गंज दिसायला लागतो. बाकी फ्रेमवरची माती मी तशीच ठेवतो, पुढच्या फेरीपर्यंत.